पारपटलाचा छेद आणि आदिलाबादचा रुग्ण

मनुष्याच्या डोळ्याच्या अग्रभागी रक्तवाहिन्यांचा स्पर्शही नसलेले, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचे आणि संपूर्ण पारदर्शक असे जे आवरण आहे, ज्याला क्रमिक पुस्तकांत पारपटल आणि इस्पितळात कॉर्निया म्हणतात, ते एकदा धूसर झाले की आतील भिंग, पडदा आणि मेंदूकडे जाणारी नस शाबूत असूनही माणसाला दिसेनासे होते. खेड्यात डोळ्यात फूल पडणे म्हणतात तो बहुधा हाच विकार. मोतीबिंदूत गढूळ झालेले भिंग काढून कृत्रिम भिंग बसविता येते. पारपटलाच्या बाबतीत मात्र आजही बहुसंख्य रुग्णांना मृत व्यक्तीने दान केलेल्या डोळ्यावाचून तरणोपाय नाही, आणि म्हणून ही शस्त्रक्रिया मूलतः दोन छेदांची शस्त्रक्रिया होय: एक छेद दात्याच्या पटलाला, दुसरा रुग्णाच्या पटलाला, आणि दोहोंची कड जितकी जुळेल तितकी पुढची दृष्टी निर्मळ. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हे छेद देण्याच्या साधनांत जी प्रगती झाली तिचे वर्णन वाचून, आपल्या जिल्ह्याच्या दवाखान्यातही असे यंत्र का नसावे, अशी इच्छा वाचकाच्या मनात उत्पन्न होणे स्वाभाविक आहे. त्या इच्छेचा आदर राखूनही माझे मत मी प्रारंभीच नमूद करतो: ही यंत्रे मोजक्या, मोठ्या नेत्रपेढ्यांत एकवटलेली असावीत, आणि आदिलाबादसारख्या जिल्ह्याच्या वाट्याला येणारी रक्कम छेदाच्या आधीच्या आणि छेदाच्या नंतरच्या कामासाठी राखून ठेवावी.

या मताची कारणे ध्यानात येण्यासाठी हत्यारांचा इतिहास थोडा विस्ताराने पाहिला पाहिजे. ७ डिसेंबर १९०५ रोजी, तत्कालीन ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातील मोराविया प्रांतात, ओलोमौत्स येथे एडुआर्ड झिर्म या नेत्रवैद्याने आलोइस ग्लोगार नावाच्या मजुराच्या दोन्ही डोळ्यांवर पूर्ण जाडीच्या पारपटलाचे रोपण केले, आणि त्यांपैकी एका डोळ्यातील रोपण स्वच्छ टिकले. मानवी पारपटलाचे हे पहिले यशस्वी प्रत्यारोपण मानले जाते. दाता होता अकरा वर्षांचा एक मुलगा, ज्याचा जखमी डोळा काढून टाकणे भाग पडले होते. झिर्मच्या हाती जे हत्यार होते ते आर्थर फॉन हिप्पेल या जर्मन नेत्रवैद्याने एकोणिसाव्या शतकात सिद्ध केलेले ट्रेफाइन, म्हणजे स्प्रिंगच्या बळावर फिरणारे नळीच्या आकाराचे गोल पाते. ग्लोगारचे डोळे गेले होते ते चुन्याने भाजून. हा तपशील मी मुद्दाम सांगतो, कारण तंबाखूबरोबर खावयाच्या चुन्याची प्लास्टिकची पुडी लहान मुलाच्या हातात फुटून त्याचे डोळे जळाल्याच्या घटना भारतीय नेत्रवैद्यांनी आपल्या नियतकालिकांत याच शतकात नोंदविल्या आहेत. पाते कोठल्या कोठे गेले, पण ज्याने डोळा जातो तो चुना मात्र अजून आपल्या पानटपरीवर, मुलाच्या हाताला लागेल अशा उंचीवर लोंबतो आहे.

भारतातील पहिली नेत्रपेढी १९४५ साली मद्रासच्या सरकारी नेत्र इस्पितळात डॉ. आर. ई. एस. मुथय्या यांनी स्थापिली, १९६० साली इंदूर येथे डॉ. आर. पी. धांडा यांनी केलेले प्रत्यारोपण यशस्वी झाले, आणि त्यानंतरही कित्येक दशके हे गोल पातेच या शस्त्रक्रियेचे प्रमुख हत्यार राहिले. त्याच्या मर्यादा समजण्यास वैद्यकाचे ज्ञान लागत नाही. डोळा हा मऊ आणि द्रवाने भरलेला गोल आहे. त्यावर पाते दाबले की तो चेपतो, पाते केसभर तिरपे झाले की वर्तुळाचे लंबवर्तुळ होते, आणि रुग्णाच्या पटलात साडेसात मिलिमीटरचे छिद्र पाडून त्यात पाव ते अर्धा मिलिमीटर मोठी दात्याची चकती, केसाहून बारीक नायलॉनच्या सोळा टाक्यांनी शिवताना, एका बाजूची कड जाड व दुसरीकडची पातळ निघाली तर रोपण स्वच्छ राहूनही रुग्णाला प्रत्येक वस्तू ताणलेली आणि दुहेरी दिसते. या दोषावर पहिला उतारा म्हणून निर्वात ट्रेफाइन आले. त्यात एक कडे शोषणाच्या जोरावर डोळ्याला घट्ट धरून ठेवते आणि मधले पाते फेऱ्याफेऱ्याने, ठरावीक खोलीच्या हिशेबाने खाली उतरते. हे साधन स्वस्त आहे, हातात मावते, विजेवाचून चालते, आणि त्याची योग्यता नव्या यंत्रांच्या झगमगाटात विसरली जाऊ नये असे मला वाटते.

नवे यंत्र म्हणजे फेम्टोसेकंद लेसर. एका सेकंदाचे एक कोटी भाग करून त्यांतील प्रत्येक भागाचे पुन्हा दहा कोटी भाग केले म्हणजे जो कालखंड उरतो तो फेम्टोसेकंद, आणि असे काहीशे फेम्टोसेकंद टिकणारे प्रकाशाचे स्पंद इतक्या सूक्ष्म बिंदूवर एकवटतात की त्या बिंदूपुरती ऊती वायुरूप होऊन एक बुडबुडा उठतो व शेजारच्या ऊतीला उष्णता जवळजवळ पोहोचतच नाही. असे लक्षावधी बुडबुडे एकमेकांस लागून मांडले की पात्याशिवाय छेद तयार होतो. अशा अतिसूक्ष्म स्पंदांना बळ देण्याची जी युक्ती जेरार मुरू आणि डोना स्ट्रिकलंड यांनी शोधून काढली तिला २०१८ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. आणि तिचा डोळ्याशी संबंध जुळला तो मुरू यांच्या मिशिगन विद्यापीठातील प्रयोगशाळेत १९९० नंतरच्या दशकात एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात लेसरचा किरण चुकून गेला तेव्हा, कारण त्याला तपासणारे तरुण नेत्रवैद्य रॉन कर्ट्झ यांना त्या जखमेची कड विलक्षण नीटस दिसली आणि त्यांनी तिबोर युहास या भौतिकशास्त्रज्ञाच्या साहाय्याने त्या अपघाताचे उपकरण बनविले. या लेसरने छेद सरळ खाली न देता नागमोडी, टोपीच्या किंवा अळंब्याच्या आकाराचाही देता येतो, आणि मग दोन्ही कडा, सुतार दोन फळ्या खाच पाडून जोडतो त्याप्रमाणे, परस्परांत अडकून बसतात. जोडाचे क्षेत्र वाढते, पाणी झिरपत नाही, टाके लवकर काढता येतात.

इतके वाचून मन मोहित होते, आणि ते होणे योग्यच आहे, कारण मानवी बुद्धीचे असे विजय क्वचित पाहावयास मिळतात. परंतु रुग्णाच्या हिताचा निवाडा परिणामांवर करावयाचा असतो, आणि ते परिणाम असे की, लेसरच्या छेदाने केलेल्या पूर्ण जाडीच्या रोपणात पहिल्या काही महिन्यांत पटलाची असमान वक्रता कमी राहते व दृष्टी लवकर येते, पण पुढे सर्व टाके निघाल्यावर जुन्या पात्याच्या आणि नव्या लेसरच्या रोपणांत फारसा फरक उरत नाही, असे तुलनात्मक अभ्यासांत आढळून आले आहे. दुसरी गोष्ट आदिलाबादच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. लेसरचा किरण ज्या पटलातून जातो ते बऱ्यापैकी पारदर्शक असावे लागते. जेथे पटल पांढरे, दाट आणि वेडेवाकडे झालेले असते तेथे प्रकाश विखुरतो आणि छेद अपुरा राहतो. शेतात काम करताना डोळ्याला इजा होऊन, जखमेत बुरशी वाढून, महिनोन्‌महिने चिघळून जे फूल पडते ते नेमके अशा दाट स्वरूपाचे असते. म्हणजे जे यंत्र शहरातील तरुणाच्या शंकूसारख्या झालेल्या पण स्वच्छ पटलावर उत्तम चालते, तेच आमच्याकडील कापूस वेचणाऱ्या बाईच्या डोळ्यापुढे पुष्कळदा निरुपयोगी ठरते, आणि शल्यविशारदाला पुन्हा त्या साध्या गोल पात्याकडे वळावे लागते.

याच काळात दुसरी, माझ्या मते अधिक मोठी क्रांती झाली, आणि ती पटलाची सगळी जाडी न कापता त्याचा केवळ बिघडलेला थर बदलण्याची. पारपटलाच्या सर्वांत आतील बाजूस पेशींचा जो एकेरी थर आहे तो पटलातील पाणी सतत उपसून त्याला स्वच्छ राखतो. तो निकामी झाला की पटल फुगते. हा आतला थर तेवढा बदलावा ही कल्पना नेदरलंडचे गेरिट मेलेस यांनी १९९८ पासून प्रत्यक्षात आणली. दात्याचे पटल पातळ तासण्यासाठी मायक्रोकेराटोम हे यंत्र वापरात आले. या यंत्राचे मूळ बोगोता येथील होसे बाराकेर यांच्या कार्यात आहे. त्यात कंप पावणारे पाते पटलावरून सरकत त्याचा सारख्या जाडीचा पापुद्रा काढते. पुढे २००६ च्या सुमारास मेलेस यांनीच दहा-पंधरा मायक्रॉन जाडीचा नुसता आतला पापुद्रा चिमट्याने सोलून रोपण्याची पद्धत रूढ केली, ज्यात महाग यंत्राचे काहीच काम नाही. उलट दिशेने, म्हणजे आतला थर निरोगी असताना पुढचा सगळा भाग बदलावयाचा असेल तेव्हा, सौदी अरेबियात काम करणारे मोहम्मद अन्वर यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेली रीत अशी की सुईने पटलात हवा सोडावी, तिचा मोठा बुडबुडा होऊन आतला पापुद्रा आपोआप सुटा व्हावा. चेन्नईचे डॉ. अमर अग्रवाल यांनी हवेच्याच साहाय्याने दात्याचा आतला थर वेगळा करून रोपण्याची पद्धत २०१४ साली जगापुढे मांडली. सर्वांत नाजूक विलगीकरण अशा रीतीने हवा, सुई, चिमटा आणि शिकलेला हात यांनी साधले, आणि म्हणून माझ्या लेखी प्रगती मोजण्याचे माप यंत्राची किंमत हे होऊच शकत नाही.

अन्वर यांच्या या पद्धतीविषयी आणखी दोन वाक्ये लिहिली पाहिजेत, कारण आमच्या भागात तिचा उपयोग मोठा आहे. रुग्णाचा स्वतःचा आतला थर शाबूत राहत असल्याने शरीराने परक्या पेशींवर करावयाचा सर्वांत घातक हल्ला टळतो. शिवाय ज्या दात्याच्या पटलातील आतल्या पेशी वार्धक्यामुळे विरळ झाल्या आहेत, आणि म्हणून ते पटल पूर्ण रोपणाला चालत नाही, तेही येथे चालते. दात्यांचा दुष्काळ असलेल्या देशात ही लहान गोष्ट नव्हे. २०१२-१३ च्या सुमाराच्या परिस्थितीवरून केलेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीचा निष्कर्ष असा होता की जगात सत्तर रुग्णांची गरज असेल तेव्हा उपलब्ध होणारे पटल एक असते.

आता नेत्रपेढीकडे वळू. रोपणासाठी दात्याचे पटल शस्त्रक्रियेच्या टेबलावरच कापले पाहिजे असे बंधन आता उरलेले नाही. पेढीतील प्रशिक्षित तंत्रज्ञ ते आदल्या दिवशी तासून, उरलेली जाडी मोजून, पेशी पुन्हा तपासून, द्रावणाच्या कुपीत ठेवून दूरच्या शल्यविशारदाकडे पाठवू शकतो. मॅकेरी-कॉफमन नावाच्या द्रावणात पटल सुमारे चार दिवस टिकते आणि मदुराईच्या अरोलॅबने बनविलेल्या द्रावणासारख्या प्रगत द्रावणात चौदा दिवसांपर्यंत. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेची रामायम्मा आंतरराष्ट्रीय नेत्रपेढी १९८९ पासून कार्यरत आहे, आणि या संस्थेने १९८७ पासून केलेल्या पारपटल प्रत्यारोपणांची संख्या २०२३ साली पन्नास हजारांवर गेली, जी जगात कोणत्याही एका संस्थेने तोपर्यंत गाठली नव्हती. अशा ठिकाणी महाग यंत्र रोज चालते, त्याचे पाते व सुटे भाग वाया जात नाहीत, तंत्रज्ञाचा हात बसतो, आणि प्रत्येक पटलामागचा खर्च उतरतो; तेच यंत्र महिन्यातून एक-दोन शस्त्रक्रिया होणाऱ्या जिल्हा इस्पितळात नेऊन ठेवले तर त्यावर धूळ साचेल आणि देखभालीच्या कराराची रक्कम मात्र दरसाल खजिन्यातून जात राहील. छेद प्रवास करू शकतो ही या नव्या काळाची खरी देणगी आहे, आणि तिचा अर्थ ध्यानात घेऊन आपल्या आरोग्य खात्याने तजवीज करावी.

जे प्रवास करू शकत नाही ते रुग्णाचे रोजचे जीवन, आणि येथे आदिलाबादचा विचार अपरिहार्य होतो. निजामाच्या अमलात हैदराबाद संस्थानाच्या उत्तरेकडील हा जिल्हा किनवट आणि राजुऱ्यासह एक होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते तालुके मराठी मुलुखाकडे गेले आणि उरलेला जिल्हा आंध्रात राहिला, पुढे ऑक्टोबर २०१६ मध्ये तेलंगणाने त्याचेही चार जिल्हे केले. पैनगंगेच्या अलीकडे जैनथ, बेला, तांसी या भागांत आजही घरोघर मराठी बोलली जाते, उटनूर आणि इंद्रवेल्लीकडे गोंडी व कोलामी, आणि कचेरीत तेलुगू. या जिल्ह्याचे नाव नेत्रवैद्यकाच्या इतिहासात दोन कारणांनी कोरलेले आहे, हे आमच्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. एल. व्ही. प्रसाद संस्थेने आपले पहिले ग्रामीण नेत्र केंद्र काढले ते तत्कालीन आदिलाबाद जिल्ह्यातील मुधोळ येथे, आणि त्याला भोसले गोपाळराव पटेल यांचे नाव आहे. तसेच १९९६ ते २००० या काळात आंध्र प्रदेशात जी प्रसिद्ध नेत्ररोग पाहणी झाली तिच्यासाठी हैदराबाद शहर आणि तीन ग्रामीण जिल्हे निवडले गेले, त्यांत पश्चिम गोदावरी, महबूबनगर यांच्याबरोबर आदिलाबाद होते.

या पाहणीत १०,२९३ माणसांचे डोळे तपासले गेले. पारपटलाच्या विकाराने निदान एक डोळा तरी गेलेल्यांचे प्रमाण ०.६६ टक्के निघाले. कारणांत बालपणी पटलाला झालेला दाह पहिला, इजा दुसरी आणि मोठेपणीचा दाह तिसरा. आणि सर्वांत विचार करावयास लावणारा निष्कर्ष हा की यांपैकी जवळजवळ ९५ टक्के अंधत्व टाळता येण्यासारखे होते. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनेही पन्नाशीच्या आतील भारतीयांत अंधत्वाचे पहिले कारण पारपटलाची धूसरता हेच ठरविले आहे. म्हणजे हा म्हातारपणाचा विकार नव्हे. ज्याच्यापुढे तीस-चाळीस वर्षांचे कष्टाचे आयुष्य आहे त्याचा डोळा यात जातो, आणि त्याच्याबरोबर एका कुटुंबाची मजुरीही.

आता असा रुग्ण हैदराबादला गेला, त्याला दात्याचे पटल मिळाले, उत्तम छेद, उत्तम टाके, पट्टी निघाल्यावर दिसू लागले, असे समजू. त्यानंतर त्याला स्टेरॉइडचे थेंब आधी दिवसातून अनेकदा, मग हळूहळू कमी करत, एक वर्ष किंवा त्याहूनही अधिक काळ घालावयाचे असतात. ते थेंब डोळ्यातील दाब वाढवू शकतात म्हणून दाब मोजावा लागतो. सैल झालेला टाका तत्काळ काढावा लागतो, कारण त्याच्या वाटेने जंतू शिरतात. आणि डोळा लाल होणे, उजेड सहन न होणे, नजर मंदावणे, दुखणे यांपैकी काहीही उद्भवले तर एक-दोन दिवसांत तपासणी व्हावी लागते, कारण शरीराचा विरोध वेळीच ओळखला तर औषधाने परतविता येतो आणि आठवडा गेला तर बहुधा येत नाही. आदिलाबादहून हैदराबाद सुमारे तीनशे किलोमीटर आहे, आणि उटनूरच्या डोंगरातील पाड्यावरून आदिलाबादला यावयाचा प्रवास वेगळा. कापूस वेचणीच्या हंगामात, एका माणसाची मजुरी बुडवून आणि सोबत्याचीही बुडवून, डोळा फक्त थोडा लाल झाला म्हणून कोण निघेल? त्याच हैदराबादच्या संस्थेतील वैद्यांनी १९९७ साली आपल्या रोपणांचा जो प्रांजळ हिशेब प्रसिद्ध केला त्यात पहिल्या वर्षाअखेर ७९.६ टक्के रोपणे टिकलेली होती, आणि पाच वर्षांअखेर ४६.५ टक्के, पण पटल शंकूच्या आकाराचे झालेल्या रुग्णांत पाच वर्षांनीही ९५ टक्के रोपणे टिकली होती. यावरून दिसते ते हे की मूळ रोग कोणता, डोळा किती दाहलेला, आणि पुढची काळजी कशी, यांवर बहुतांश फळ अवलंबून आहे.

म्हणून माझी मागणी अशी आहे. आदिलाबादच्या राजीव गांधी वैद्यकीय विज्ञान संस्थेत, जिला लोक रिम्स म्हणतात, आणि उटनूर येथे पारपटल रोपण झालेल्या रुग्णांसाठी ठरलेल्या वारी तपासणी असावी. तपासणाऱ्याजवळ स्लिट लॅम्प आणि दाब मोजण्याचे उपकरण असावे, टाका काढण्याची मुभा व प्रशिक्षण असावे, आणि डोळ्याचे छायाचित्र हैदराबादच्या तज्ज्ञाला त्याच दिवशी दाखविता यावे. औषध घालण्याच्या सूचना रुग्णाच्या भाषेत, मराठीत, गोंडीत, कोलामीत, तेलुगूत, बोलून समजावणारी व्यक्ती तेथे असावी, कारण जो कागद वाचता येत नाही तो कागद उपचाराचा भाग होत नाही. तेलंगणा सरकारने २०१८ साली सुरू केलेल्या कंटि वेलुगु योजनेत गावोगावी तपासणीची पथके गेली, चष्मे वाटले गेले. त्याच पथकांनी उभे केलेले ज्ञान आणि याद्या या कामी का वापरू नयेत? आणि सीमेचा प्रश्नही सोडवावा. किनवट-माहूरकडील रुग्ण आदिलाबादला येतो, बेल्याचा रुग्ण यवतमाळ वा नागपूरला जातो. राज्याची हद्द ओलांडताच योजनांची कार्डे आणि मंजुऱ्या बदलतात, पण डोळ्यातील लालीला हद्द कळत नाही. रोपण झालेल्या डोळ्याची तपासणी कोणत्याही राज्याच्या रुग्णाला दोन्ही बाजूंस विनामूल्य मिळावी, असा करार दोन सरकारांनी करणे अवघड नाही.

छेदाच्या आधीचे काम दोन प्रकारचे आहे. पहिले दानाचे. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा. त्याच्या २०११ च्या दुरुस्तीने आणि २०१४ च्या नियमांनी प्रशिक्षित तंत्रज्ञालाही दात्याचे पटल काढण्याची परवानगी दिली, म्हणजे प्रत्येक वेळी डॉक्टर हजर असण्याची अडचण आता नाही. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत हे काम व्हावे लागते. तोवर घरच्यांनी पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, डोक्याखाली उशी द्यावी, पंखा बंद करावा, इतकेच करावयाचे असते. जिल्ह्याच्या इस्पितळात दोन-तीन तंत्रज्ञ आणि शोकाकुल कुटुंबाशी मृदुपणे बोलू शकणारा एक समुपदेशक कायम नेमला, तर जेथून आज पटल क्वचितच हैदराबादला जाते तेथून ते नियमाने जाऊ लागेल. मरणाच्या घरी जाऊन डोळे मागणे निष्ठुरपणाचे वाटते हे मी जाणतो; पण ज्यांनी दिले त्या कुटुंबांना पुढे त्या दानाचाच आधार वाटतो असे या कामातील माणसे सांगतात, आणि मला ते खरे वाटते.

दुसरे काम इजेचे. पऱ्हाटीचे टोक, तुरीची काडी, मळणीतील कुसळ डोळ्याला लागते, पहिल्या दिवशी नुसते खुपते, दुसऱ्या दिवशी कोणीतरी पाल्याचा रस घालतो किंवा दुकानातून स्टेरॉइडचा थेंब आणतो, ज्याने बुरशी फोफावते, आणि आठवड्याने पटल पांढरे होते. नेपाळातील भक्तपूर येथे झालेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गावच्या आरोग्य कार्यकर्त्यांनी अशा ओरखड्यांवर क्लोरॅम्फेनिकॉलचे साधे मलम लावले. इजा झाल्यापासून अठरा तासांच्या आत आलेल्या २८४ जणांपैकी एकाच्याही डोळ्यात जंतुसंसर्ग झाला नाही, आणि चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी आलेल्या ४९ जणांपैकी १४ जणांच्या झाला. नंतर नेपाळातच झालेल्या अधिक मोठ्या प्रयोगात सबंध गावांच्या पातळीवर इतका स्पष्ट फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. तरीही लवकर येणे आणि उशिरा येणे यांतील अंतर इतके भयंकर आहे की आमच्या आशा कार्यकर्तीच्या पिशवीत ते मलम, निळ्या उजेडात ओरखडा हिरवा दाखविणारी तपासणीची पट्टी आणि स्टेरॉइड घालू नये ही ताकीद असलीच पाहिजे. चुन्याची पुडी मुलाच्या हाती न देणे आणि डोळ्यात चुना गेल्यास ताबडतोब भरपूर स्वच्छ पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटे धूत राहणे, हे शाळेच्या पहिल्या आठवड्यात शिकविण्यासारखे आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे: लेसर शहराला आणि मलम खेड्याला, हा न्याय कोणता? हा आक्षेप मला मान्य झाला असता, जर जिल्ह्यात यंत्र नसण्याचा अर्थ जिल्ह्यातील रुग्णाला उत्तम छेद न मिळणे असा असता. परंतु पेढीत तासलेली कुपी उच्चभ्रू वस्तीतील रुग्णाला आणि इंद्रवेल्लीच्या कोलाम शेतमजुराला एकाच प्रतीची मिळते, आणि एल. व्ही. प्रसाद संस्थेसारखी संस्था आपल्या सुमारे निम्म्या रुग्णांवर विनामूल्य उपचार करीत आली आहे. ज्या रुग्णाच्या डोळ्याला लेसरचाच छेद योग्य असेल त्याला तेथवर नेण्याआणण्याचा खर्च सरकारने द्यावा, आणि तो यंत्राच्या किमतीपुढे नगण्य ठरेल. विषमता पुढे, रोपणाच्या तिसऱ्या, आठव्या, अठराव्या महिन्यात उत्पन्न होते, जेव्हा एकाच्या घराजवळ नेत्रवैद्य असतो आणि दुसऱ्याच्या नसतो.

ती विषमता दृष्टीस पडावी म्हणून एक साधी गोष्ट करता येईल. सरकारी पैशाने वा धर्मादायाने प्रत्यारोपण करणाऱ्या प्रत्येक संस्थेने, रुग्ण कोणत्या जिल्ह्याचा, मूळ रोग कोणता, छेद कोणत्या साधनाने दिला, आणि एक, तीन व पाच वर्षांनी रोपण स्वच्छ आहे किंवा नाही, याची, रुग्णांची नावे वगळून, वार्षिक नोंद प्रसिद्ध करावी, आणि जे रुग्ण तपासणीस परत आलेच नाहीत त्यांची संख्या त्या नोंदीत स्वतंत्र रकान्यात द्यावी. आदिलाबाद, कोमरम भीम आसिफाबाद, निर्मल, मंचिर्याल, आणि हद्दीपलीकडचे किनवट, माहूर, केळापूर यांच्यापुढे त्या रकान्यात कोणते आकडे येतात ते पाहून पुढील अंदाजपत्रकात उटनूरच्या तपासणीची तरतूद किती करावी हे दोन्ही सरकारांना ठरविता येईल.